संत थोमस प्रेषित : संशय आणि साक्ष

ज्या धर्मग्रामानें पिढ्यानुपिढ्या एकाच वेदीभोंवतीं प्रार्थना केली, त्यानें महोत्सवाच्या प्रसंगीं मागें वळून पाहावें व आपली श्रद्धा कोणाच्या साक्षीवर उभी आहे ह्याचा विचार करावा, हें सर्वथैव योग्य आहे. मंदिराच्या भिंती दगडचुन्याच्या असतात; त्या कोणीं बांधल्या, केव्हां बांधल्या, खर्च किती आला, हें जुन्या वह्यांवरून सांगतां येतें. परंतु ज्या श्रद्धेसाठीं त्या भिंती उभ्या राहिल्या ती श्रद्धा प्रेषितांच्या साक्षीवर उभारलेली आहे. त्या बारा साक्षीदारांपैकीं एकाचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. हा साक्षीदार असा कीं, इतरांची साक्ष त्यानें स्वतः प्रथम नाकारली. जगानें त्याच्या नांवामागें ‘संशयी’ हें विशेषण कायमचें जोडून दिलें. तें विशेषण कितपत न्याय्य आहे, आणि त्याच्या संशयाला प्रभूनें कोणत्या अधिकारानें व कोणत्या रीतीनें उत्तर दिलें, हें नीट पाहिलें तर आपल्या स्वतःच्या श्रद्धेसंबंधींही बरेंच कांहीं उमगेल अशी आशा आहे.

नांव आणि निवड

थोमा हा शब्द अरामी भाषेंतील असून त्याचा अर्थ जुळा असा आहे. संत योहान त्याच अर्थाचें दिदुम हें ग्रीक नांवही देतो. त्याचा पिता कोण, त्याचा धंदा कोणता, ह्याविषयीं शुभवर्तमानें मौन धरतात. मत्तय, मार्क व लूक ह्या तिघांनीं बारा प्रेषितांच्या यादीखेरीज त्याचा कोठेंही उल्लेख केलेला नाहीं. मत्तयाच्या यादींत तो स्वतः मत्तय जकातदाराच्या जोडीला आहे. प्रेषितांच्या कृत्यांत तो फिलिपाच्या जोडीला आहे. त्याच्या मुखांतून निघालेले शब्द काय ते एकट्या योहानानें जपून ठेवले. ते प्रसंग अवघे तीनच. चौथ्या प्रसंगीं तो केवळ उपस्थित आहे. एवढ्या थोड्या सामग्रींतूनही एका मनुष्याची मूर्ति स्पष्ट उभी राहते, हें त्या शुभवर्तमानाचें सामर्थ्य होय.

बारा जणांस निवडल्यावर प्रभूनें त्यांस अशुद्ध आत्म्यांवर व रोगांवर अधिकार दिला आणि दोघादोघांस गांवोगांवीं धाडलें. थोमस त्यांपैकीं एक होता. तेव्हां ख्रिस्ताचा अधिकार ही त्याला केवळ ऐकीव गोष्ट नव्हती. त्या अधिकाराचा एक अंश त्याच्या स्वतःच्या हातीं सोंपविला गेला होता. पुढें जो संशय त्याच्या मनांत उत्पन्न झाला तो परक्या मनुष्याचा नव्हे, घरच्या मनुष्याचा होता, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

दोन प्रकारचे प्रश्न

प्रभूच्या अधिकाराविषयींचा प्रश्न त्याच्या सेवेच्या आरंभापासूनच उपस्थित झाला होता. कफर्णहूमच्या सभास्थानांत लोक थक्क झाले ते तो शास्त्र्यांसारखा न शिकवितां अधिकारवाणीनें शिकवीत होता म्हणून. त्याच नगरांत छप्पर उकलून खालीं सोडलेल्या पक्षाघाती मनुष्याला त्यानें प्रथम पापांची क्षमा दिली. तेव्हां, देवावांचून पापांची क्षमा कोण करूं शकेल, असा विचार तेथें बसलेल्या शास्त्र्यांच्या मनांत आला. विचार चुकीचा नव्हता. चूक एवढीच कीं, त्याचें उत्तर समोर उभें असतां त्यांनीं तिकडे पाहिलें नाहीं. शेवटच्या आठवड्यांत यरुशलेमच्या मंदिरांत मुख्य याजक व वडील मंडळी ह्यांनीं तो कोणत्या अधिकारानें वागतो असें त्याला उघड विचारलें. त्यानें उलट योहानाच्या बाप्तिस्म्याविषयीं प्रश्न केला. तो बाप्तिस्मा स्वर्गापासूनचा म्हणावा तर आपण विश्वास कां ठेविला नाहीं असें तो विचारील, आणि मनुष्यांपासूनचा म्हणावा तर लोक खवळतील, असा हिशेब करून त्यांनीं ठाऊक नाहीं असें सांगितलें. ज्यांना सत्याचें भय वाटत होतें त्यांना प्रभूनेंही उत्तर दिलें नाहीं.

परंतु दुसऱ्याही प्रकारचे प्रश्न करणारे होते. कारागृहांत पडलेल्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानें आपले शिष्य पाठवून, येणारा तो हाच कीं दुसऱ्याची वाट पाहावी, असें विचारविलें. प्रभु त्याच्यावर रागावला नाहीं. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, दरिद्र्यांना शुभवर्तमान ऐकावयास मिळतें, हें जाऊन सांगा असें त्यानें त्या शिष्यांस म्हटलें. भूतग्रस्त मुलाच्या दुःखी पित्यानें आपला विश्वास आहे असें सांगून त्याच श्वासांत आपल्या अविश्वासावर साहाय्य मागितलें. त्याचा मुलगा बरा झाला. पेत्र पाण्यावरून चालतां चालतां वारा पाहून भ्याला व बुडूं लागला. प्रभूनें त्याला बोल लाविला खरा, परंतु तो हात धरून झाल्यावर. ह्या दोन प्रकारच्या प्रश्नांतील भेद लक्षांत घेतल्याशिवाय थोमसाचें चरित्र कळणार नाहीं. एक प्रश्न दार लावून घेण्यासाठीं विचारला जातो, दुसरा दार उघडावें म्हणून.

बेथानीची वाट

थोमस प्रथम बोलतो तो संशयानें नव्हे, धैर्यानें. प्रभु यार्देनेच्या पलीकडे असतां बेथानी येथील लाजर आजारी असल्याचा निरोप आला. बेथानी यरुशलेमपासून सुमारें पंधरा स्तादे, म्हणजे आपल्या मापानें तीन किलोमीटरांहून कांहींसें कमी अंतरावर होती. आणि यहूदियांत थोड्याच दिवसांपूर्वीं लोकांनीं प्रभूला दगडमार करण्याचा प्रयत्न केला होता. शिष्यांनीं त्याला ह्याची आठवण करून दिली. तरीही प्रभूचा निश्चय ढळत नाहीं असें पाहून थोमस आपल्या सोबत्यांस म्हणाला कीं, आपणही जाऊं या आणि त्याच्याबरोबर मरूं या.

ह्या उद्गारांत आशा फारशी नाहीं. लाजर उठेल असें त्याला वाटलें नाहीं. आपण सर्व मरूं एवढेंच त्याला दिसत होतें. तरीपण तो मागें राहिला नाहीं. ज्याला विजयाची खात्री आहे त्यानें पुढें जाणें सोपें. ज्याला पराजयच दिसतो त्यानें प्रेमाखातर पुढें जाणें कठीण. थोमसाचें मन अंधाराकडे लवकर वळणारें होतें, परंतु त्याचे पाय गुरूला सोडून जाणारे नव्हते. हा स्वभाव ज्याला कळला त्याला पुढील प्रसंगांचें मर्मही कळेल.

शेवटच्या भोजनाची रात्र

दुसरा प्रसंग शेवटच्या भोजनाच्या वेळचा. आपण पित्याच्या घरीं जागा तयार करावयास जात आहों व आपण कोठें जातों ती वाट तुम्हांस ठाऊक आहे, असें प्रभु सांगत होता. इतर शिष्य ऐकत होते. त्यांना समजलें होतें असें नाहीं. परंतु न समजतां मान डोलविण्याची संवय मनुष्याला असतेच. थोमसाला ती नव्हती. तो कोठें जातो हेंच आम्हांस ठाऊक नाहीं, मग वाट कशी ठाऊक असणार, असें त्यानें सरळ विचारलें.

ह्या प्रामाणिक अज्ञानाबद्दल आपण सर्वांनीं त्याचे ऋणी असलें पाहिजे. कारण त्याला उत्तर देतांना प्रभूनें मार्ग, सत्य व जीवन हीं तीन नांवें स्वतःला घेतलीं, आणि आपल्या द्वारें आल्यावांचून पित्याकडे कोणी येत नाहीं असें प्रगट केलें. कोणत्याही संदेष्ट्यानें असें म्हटलें नव्हतें. संदेष्टे मार्ग दाखवीत; मार्ग मीच असें म्हणण्याचा अधिकार मनुष्याचा नव्हे. चारही शुभवर्तमानांत ख्रिस्ताच्या दैवी अधिकाराचें इतकें थोर प्रकटीकरण विरळाच आढळेल, आणि तें एका न समजलेल्या शिष्याच्या प्रश्नांतून झालें.

दार लावलेली खोली

त्यानंतरच्या चोवीस तासांत सर्व कांहीं कोसळलें. गुरु धरला गेला, क्रूसावर खिळला गेला, त्याच्या कुशींत भाला भोंसकला गेला, आणि परक्या कबरेंत त्याला ठेवण्यांत आलें. त्याच्याबरोबर मरूं या असें म्हणणारा थोमसही इतरांप्रमाणेंच पळाला होता. ही लाज त्याच्या मनांत किती खोल रुतली असेल ह्याची कल्पना करणें अवघड नाहीं.

आठवड्याच्या पहिल्या दिवशीं सायंकाळीं शिष्य यहूद्यांच्या भयानें दारें लावून बसले असतां प्रभु त्यांच्यामध्यें उभा राहिला, त्यानें त्यांस शांति दिली, आपले हात व कूस दाखविली, त्यांच्यावर श्वास टाकून पवित्र आत्मा दिला, आणि पापांची क्षमा करण्याचा व ती रोखून ठेवण्याचा अधिकार त्यांच्या हातीं सोंपविला. कफर्णहूममध्यें शास्त्री ज्या अधिकाराविषयीं कुरकुरले होते तोच हा अधिकार. आतां तो ख्रिस्तसभेच्या स्वाधीन झाला. आणि नेमका ह्याच वेळीं थोमस तेथें नव्हता.

सोबत्यांनीं त्याला आनंदाची वार्ता सांगितली. त्यानें ती मानली नाहीं. हातांतील खिळ्यांचे व्रण पाहिल्यावांचून, त्या व्रणांत बोट घातल्यावांचून व कुशींत हात घातल्यावांचून आपण विश्वास ठेवणारच नाहीं, असें त्यानें निक्षून सांगितलें. हे शब्द कठोर आहेत ह्यांत शंका नाहीं. दहा जणांनीं एकमुखानें दिलेली साक्ष त्यानें नाकारली, आणि ते दहाही जण त्याचे जिवाभावाचे होते. परंतु न्याय करतांना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या दिवशीं सकाळीं कबरेवरून आलेल्या स्त्रियांची वार्ता ह्याच शिष्यांना पोकळ गोष्टीप्रमाणें वाटली होती. प्रभु प्रत्यक्ष समोर उभा असतांही आपण भूत पाहत आहों असें त्यांना वाटलें, आणि त्यांची खात्री पटावी म्हणून त्यानें त्यांच्यादेखत भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला, असें लूक सांगतो. म्हणजे थोमसानें जें मागितलें त्यांतील पुष्कळसें इतरांना न मागतां मिळालें होतें. त्यांच्यापेक्षां अधिक असें त्यानें मागितलें तें केवळ स्पर्श करण्याचें. त्यांच्यापेक्षां अधिक असें सोसलें तें आठ दिवसांचें वाट पाहणें.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यानें चिन्ह म्हणून काय मागितलें? सिंहासन मागितलें नाहीं, आकाशांतून अग्नि मागितला नाहीं, जखमा मागितल्या. जो उठला आहे तो क्रूसावर मेलेलाच आहे काय, एवढेंच त्याला जाणून घ्यावयाचें होतें. ज्यानें आपणांवर इतकें प्रेम केलें कीं तो मेला, त्याच्याऐवजीं दुसरा कोणीही त्याला नको होता.

आठवा दिवस

त्या आठ दिवसांविषयीं शुभवर्तमानांत एक अक्षरही नाहीं. तरी त्यांवांचून पुढचें कांहीं घडलें नसतें. दहा जण आनंदांत होते, एक जण दुःखांत. दहा जणांनीं त्या एकाला बाहेर घालविलें नाहीं. आणि तो एकही रागावून निघून गेला नाहीं. ज्यांच्या श्रद्धेंत त्याला भाग घेतां येत नव्हता त्यांच्याच पंक्तीला तो बसला, त्यांच्याच दारामागें राहिला. आठ दिवसांनीं प्रभु पुन्हां आला तेव्हां थोमस त्यांच्याबरोबर होता, असें योहान आवर्जून सांगतो. तो मंडळीबाहेर असतां त्याला दर्शन झालें नाहीं. मंडळींत परत आल्यावर झालें. आपल्यापैकीं कोणाच्या घरीं पुत्र, बंधु वा शेजारी श्रद्धेच्या बाबतींत अडखळला असेल तर त्याच्याशीं कसें वागावें, आणि आपण स्वतः अडखळलों तर काय करावें, ह्याचा सर्व धडा ह्या आठ दिवसांत आहे. दार त्याच्यासाठीं बंद करूं नये, आणि आपण दारापासून दूर जाऊं नये.

दारें पूर्वींप्रमाणेंच लावलेली होतीं. प्रभु मध्यभागीं उभा राहिला; त्यानें सर्वांना शांति दिली आणि तो सरळ थोमसाकडे वळला. आठवड्यापूर्वीं थोमसानें ज्या अटी सोबत्यांपुढें घातल्या होत्या त्या एकेक करून प्रभूनें बोलून दाखविल्या: बोट इकडे कर, हात पुढें कर आणि कुशींत घाल, अशा अर्थाचें आमंत्रण त्यानें दिलें व अविश्वासी न राहतां विश्वासू हो असें सांगितलें. ते शब्द बोलले गेले तेव्हां प्रभु दृष्टीस पडत नव्हता, तरी त्यानें ते ऐकले होते. थोमसाला मागितलेला पुरावा तर मिळालाच, परंतु न मागितलेलाही मिळाला: आपलें अंतःकरण जाणणारा आपल्यापुढें उभा आहे हें त्याला कळलें.

येथें दैवी अधिकाराचें स्वरूप पाहावें. राजानें आज्ञा मोडणाऱ्याला शिक्षा करावी हा जगाचा अधिकार. प्रभूला तसें करतां आलें असतें. निदान त्या एकाला वगळून उरलेल्यांसह पुढें जातां आलें असतें. त्यानें आपल्या जखमा पुढें केल्या. ज्याला स्वर्गांत व पृथ्वीवर सर्व अधिकार दिलेला आहे, त्यानें एका मनुष्याच्या हट्टापुढें आपली कूस उघडी केली.

थोमसानें प्रत्यक्ष स्पर्श केला किंवा नाहीं हें योहान सांगत नाहीं. चित्रकारांनीं मात्र तो केलेला दाखविला आहे. कारावाज्जो ह्या इटालियन चित्रकाराचें सुमारें १६०२ सालचें प्रसिद्ध चित्र, जें आज जर्मनींतील पोत्सडाम येथें आहे, त्यांत थोमसाचें बोट जखमेंत शिरलेलें दिसतें. शुभवर्तमानांत आमंत्रणानंतर लगेच उत्तर येतें. थोमसानें येशूला आपला प्रभु व आपला देव म्हणून हांक मारली. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या ओळींत शब्द देव होता असें ग्रंथकर्त्यानें सांगितलें आहे. तेंच सत्य त्या ग्रंथाच्या शेवटीं एका मनुष्याच्या मुखांतून प्रार्थनेच्या रूपानें बाहेर पडलें. पेत्रानें त्याला ख्रिस्त म्हटलें होतें, नथनेलानें इस्राएलाचा राजा म्हटलें होतें. इतक्या उंच शिखरावर मात्र जो सर्वांत खोल दरींत होता तोच चढला. संत ऑगस्टीन ह्यांनीं म्हटल्याप्रमाणें, त्यानें पाहिलें तें मनुष्याला, आणि कबूल केलें तें न दिसणाऱ्या देवाला. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप महाशय थोर ग्रेगरी ह्यांनीं आपल्या प्रवचनांत असें प्रतिपादिलें कीं, इतर शिष्यांच्या विश्वासापेक्षां थोमसाच्या अविश्वासाचा आपल्या श्रद्धेला अधिक उपयोग झाला; कारण त्याची खात्री पटतांना आपलाही संशय फिटतो.

त्यानंतर प्रभूनें, न पाहतां विश्वास ठेवणारे धन्य होत, असें सांगितलें. हें वचन पुष्कळांना केवळ थोमसाला लावलेला बोल वाटतें. परंतु तें त्या खोलीच्या भिंतींपलीकडे पाहून उच्चारलेलें आहे. त्या आशीर्वादांत पुढील सर्व शतकें येतात. त्यांत आपले पूर्वज येतात, आणि आज ह्या महोत्सवांत गुडघे टेकणारे आपणही येतों. बारा प्रेषितांना जें मिळालें त्याहून आपल्याला कमी मिळालें असें कोणीं मानूं नये, ह्यासाठीं तो आशीर्वाद आहे.

सरोवर, डोंगर आणि माडी

चौथ्या प्रसंगीं थोमस तिबिर्याच्या सरोवरावर पेत्राबरोबर मासे धरावयास गेलेला दिसतो. सात शिष्यांच्या यादींत त्याचें नांव पेत्राच्या लगेच खालीं आहे. रात्रभर कांहीं मिळालें नाहीं. पहाटे किनाऱ्यावरून आलेल्या आज्ञेप्रमाणें जाळें टाकतांच १५३ मोठे मासे लागले. तो कोण आहे असें विचारण्याचें धैर्य त्या वेळीं कोणासच झालें नाहीं, कारण तो प्रभु आहे हें सर्वांना ठाऊक होतें. थोमसही गप्प राहिला.

गालिलांतील डोंगरावर अकरा जणांनीं त्याला नमन केलें, आणि तरी कित्येकांना संशय वाटला, असें मत्तय लिहितो. त्याच्या पुढच्याच ओळींत प्रभु आपल्याला सर्व अधिकार दिलेला असल्याचें सांगून त्यांना सर्व राष्ट्रांकडे धाडतो. संशय पूर्ण मावळेपर्यंत तो थांबला नाहीं. तशा डगमगणाऱ्या माणसांच्याच हातीं त्यानें जगाचें तारण सोंपविलें, आणि युगाच्या समाप्तीपर्यंत बरोबर राहण्याचें अभिवचन दिलें. प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र मरियेसह माडीवर प्रार्थना करीत बसलेल्यांत थोमसाचें नांव आहे. नव्या करारांत तें तेथें शेवटचें आढळतें.

भारताकडे

येथून पुढें परंपरेचा प्रांत सुरू होतो, व तो आपल्या देशाशीं निगडित आहे. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांत सिरियन भाषेंत लिहिलेला थोमसाच्या कृत्यांचा एक ग्रंथ आहे. ख्रिस्तसभेनें त्याला पवित्र शास्त्रांत स्थान दिलेलें नाहीं, व त्यांतील अद्भुत कथा जशाच्या तशा कोणी मानीत नाहीं. त्यांत अशी कथा आहे कीं, प्रेषितांनीं चिठ्ठ्या टाकून देश वांटून घेतले तेव्हां भारत थोमसाच्या वांट्याला आला. त्यानें जावयाचें नाकारलें. तेव्हां प्रभूनें त्याला हब्बान नामक व्यापाऱ्यास दास म्हणून विकलें, आणि तो सुतार म्हणून गोंडोफर राजाच्या दरबारीं आला. राजानें महाल बांधण्यासाठीं दिलेलें द्रव्य त्यानें दरिद्र्यांस वांटून टाकलें आणि महाल स्वर्गांत बांधल्याचें सांगितलें. कथा कशीही असो, तिनें थोमसाचा स्वभाव अचूक ओळखला आहे: प्रथम तो नाहीं म्हणतो, आणि मग सर्वांच्या पुढें जातो.

ह्या राजाचें नांवही कल्पित असावें असा संशय घेण्यास पूर्वीं जागा होती. परंतु एकोणिसाव्या शतकांत अफगाणिस्तान व पंजाब ह्या भागांत गोंडोफराचीं नाणीं सांपडलीं, आणि तख्त-इ-बाही येथील शिलालेखांतही त्याचें नांव आढळलें. तो पहिल्या शतकांतील पार्थियन वंशाचा राजा होता हें आतां सर्वमान्य आहे. तेवढ्यावरून थोमस तेथें गेलाच असें सिद्ध होत नाहीं. परंतु ग्रंथकर्त्याच्या हातीं खरी आठवण होती एवढें मात्र दिसून येतें.

केरळांतील संत थोमसाच्या ख्रिस्ती लोकांची परंपरा निराळी व अधिक जिवंत आहे. प्रेषित इ. स. ५२ मध्यें कोडुंगल्लूरजवळ, म्हणजे प्राचीन मुझिरीस बंदरांत, उतरला, त्यानें सात ठिकाणीं मंडळ्या स्थापिल्या, आणि पूर्व किनाऱ्यावर मैलापूर येथें इ. स. ७२ मध्यें भाल्यानें विद्ध होऊन रक्तसाक्षी झाला, असें ते पिढ्यानुपिढ्या सांगत आले. पहिल्या शतकांत रोमन साम्राज्याचीं मिऱ्यांसाठीं येणारीं गलबतें मोसमी वाऱ्यावर ह्याच किनाऱ्याला लागत, हें त्या काळच्या ग्रंथांवरून व सांपडलेल्या रोमन नाण्यांवरून निश्चित आहे. तेव्हां प्रवास अशक्य नव्हता. ज्यानें दुसऱ्याच्या कुशींतील भाल्याची जखम पाहावयास मागितली, त्याला शेवटीं भाल्याचेंच मरण आलें, असें परंपरा सांगते.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ह्यानें ह्या कबरेचें वर्णन केलें, आणि ख्रिस्ती व मुसलमान दोघेही तेथें यात्रेस येतात असें लिहून ठेविलें. संत फ्रान्सिस झेवियर हे १५४५ मध्यें मैलापुरास कांहीं महिने राहून प्रार्थना करून पुढें मलाक्क्यास गेले. १५४७ मध्यें जवळच्या डोंगरावर पाया खणतांना पहलवी लिपींतील लेख असलेला एक प्राचीन दगडी क्रूस सांपडला. सध्यांचें सां तोमे मंदिर १८९६ मध्यें पूर्ण झालें. प्रेषिताच्या अस्थि प्राचीन काळींच एदेसा नगरांत नेल्याचें संत एफ्रेम ह्यांच्या चवथ्या शतकांतील गीतांवरून दिसतें. पुढें १२५८ मध्यें त्या इटलींतील ओर्तोना येथें आल्या. १९८६ च्या फेब्रुवारींत पोप महाशय दुसरे जॉन पॉल हे मद्रासेस आले तेव्हां त्यांनीं प्रेषिताच्या डोंगरावर जाऊन प्रार्थना केली. लॅटिन पंचांगांत पूर्वीं २१ डिसेंबरला येणारा त्याचा सण १९६९ च्या सुधारणेनंतर ३ जुलैला येतो. सिरियन परंपरेचाही दिवस तोच आहे.

आपल्या प्रांतालाही त्याच्या नांवाचा स्पर्श आहे. सहाव्या शतकांतील कोस्मास नामक प्रवाशानें मलबारांतील ख्रिस्ती लोकांबरोबरच कल्लियाना येथें इराणांतून आलेला बिशप असल्याचें लिहिलें आहे. हें ठिकाण म्हणजे आपलें कल्याण असें अनेक विद्वान मानतात. १९८८ मध्यें त्याच कल्याणच्या नांवानें सिरो-मलबार ख्रिस्ती लोकांसाठीं धर्मप्रांत स्थापन झाला, हा योग मनोहर आहे. सोळाव्या शतकांत गोव्याच्या टांकसाळींत पडलेल्या सोन्याच्या नाण्यांवर प्रेषिताची मूर्ति असे व त्यांस सां तोमे म्हणत. त्याचेंच नांव धारण करणारे इंग्रज येशूसंघीय फादर थोमस स्टीफन्स १५७९ मध्यें गोव्यास आले व त्यांनीं आपल्या मराठी भाषेंत ख्रिस्तपुराण रचिलें. तें १६१६ मध्यें छापलें गेलें. वसईंतील सांडोरचें मंदिरही ह्याच प्रेषिताच्या नांवानें आहे.

उपसंहार

ह्या चरित्रावरून संशय हा सद्गुण आहे असें कोणीं समजूं नये. प्रभूनें थोमसाला अविश्वासी राहूं नको असेंच सांगितलें. त्याचा संशय त्यानें वाखाणला नाहीं. परंतु संशयामुळें त्यानें थोमसाला टाकूनही दिलें नाहीं. जो संशय सत्य टाळण्यासाठीं घेतला जातो त्याच्यापुढें प्रभु मौन धरतो. जो संशय सत्याच्या तहानेनें व्याकुळ होतो त्याच्यापुढें तो आपल्या जखमा घेऊन येतो. कोणता संशय कोणत्या जातीचा हें ओळखण्याची एक सोपी खूण आहे: मनुष्य वाट पाहावयास तयार आहे काय, आणि उत्तर मिळाल्यावर गुडघे टेकावयास तयार आहे काय? मुख्य याजक दोहोंसही तयार नव्हते. थोमस दोहोंसही तयार होता.

मिस्साबलींत धर्मगुरु पवित्र ख्रिस्तशरीर उंच धरतात तेव्हां आपल्याकडील अनेक वृद्ध भाविक थोमसाचेंच कबुलीवचन मनांतल्या मनांत म्हणतात. आपण खिळ्यांचे व्रण पाहिलेले नाहींत. आपल्या हातीं आहे ती प्रेषितांची साक्ष, संस्कारांची कृपा, आणि आपल्या वाडवडिलांनीं राखलेली श्रद्धा. तेवढ्यावर जे उभे राहिले त्यांना प्रभूनें त्या आठव्या दिवशींच धन्य म्हटलें. ह्या महोत्सवाच्या वर्षीं आपल्या मंडळींतील जो कोणी मनानें दूर गेला असेल त्याला दार उघडें सांपडो. जो आंत असून शंकांनीं व्यथित असेल त्याला आठ दिवस, आठ महिने, किंवा आठ वर्षेंही धीर धरण्याचें बळ मिळो. आणि शेवटीं आपणां सर्वांस संत थोमसाच्या मध्यस्थीनें ती एकच ओळख लाभो, जी त्याला बंद दारांच्या खोलींत लाभली. तथास्तु.